बिल्ड फुटला की बुक्की

रूपा हिवराळेचा हात जड आहे, हे पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत असताना वेणी ओढणाऱ्या एका पोराचं नाक तिनं कंपासपेटीनं फोडलं होतं. ते सुजलेलं नाक दाखवायला त्याची आई घरी आली, तेव्हा रूपाच्या आईनं, आशाबाईंनी, त्या बाईला बसा म्हणायच्या आधी रूपाच्या पाठीत लाटणं घातलं. लोकांची पोरं मारतेस म्हणून. बाई समाधानानं चहा पिऊन गेली. रूपाला त्या दिवशी एवढं कळलं की मारण्याला कोणाची ना नसते, फक्त कोणी मारायचं ते आधीच ठरलेलं असतं.

आशाबाई स्वभावानं दुष्ट नव्हत्या. पहाटे उठून सगळ्यांचे डबे करायचे, मग दिवसभर शिलाई मशीनवर लोकांचे ब्लाऊज. त्यांना रागात शब्द सापडत नसत, हात मात्र लगेच सापडायचा. दूध उतू गेलं, थप्पड. मार्क कमी पडले, थप्पड. मार्क चांगले पडले आणि पोरगी तोऱ्यात बोलली, तरी थप्पड. मारून झालं की ताटात गरम भाकरी पडायची, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी, आणि विषय संपायचा. रूपाचे वडील कडुबा वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. शिफ्टची बस चुकू नये या एकाच काळजीत त्यांचे दिवस जात. घरातली आदळआपट कानावर पडली तर ते टीव्हीचा आवाज वाढवत.

मोठा भाऊ सम्यकही असाच मार खात वाढला. पण दहावीनंतर त्याला मिसरूड फुटलं आणि एके दिवशी त्यानं आईचा उगारलेला हात वरच्या वर धरला. तेव्हापासून आशाबाईंनी त्याला मारणं सोडलं आणि त्यानं रूपाला मारायला सुरुवात केली. आशाबाईंना त्यात वावगं वाटलं नाही. पोरगा आता घराकडं लक्ष देतो, असं त्या शेजारणींना कौतुकानं सांगत. मार खाणाऱ्याची बढती होऊन तो मारणारा झाला होता. रूपा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचली तरी तिची बढती काही झाली नव्हती. ती झाली कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये.

प्रोजेक्ट तिच्याच डोक्यातून निघालेला. कडुबा रोज रस्त्याच्या कडेला कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहायचे. बस आत्ता कुठं आहे हे मोबाईलवर दिसलं तर काय बिघडलं? तेवढंच दाखवणारं ॲप करायचं ठरलं. टीम चौघांची. रूपा, तिच्या मागच्या गल्लीत राहणारा आकाश, गारखेड्यात गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहणारा सोमनाथ आणि मोनिका.

विभागप्रमुख सरांनी त्यांना दोन आठवड्यांचा स्प्रिंट दिला. म्हणजे तेवढ्या दिवसांत ठरलेलं काम पुरं करायचं. रोज सकाळी उभ्याउभ्या एकमेकांना तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय. शेवटी डेमो, आणि डेमोनंतर सगळ्यांनी बसून मोकळं बोलायचं की एकत्र काम करताना काय जमलं, काय फसलं. त्या बसण्याला रेट्रो म्हणतात. सर म्हणाले होते, "मार्क ॲपला कमी आहेत, टीमवर्कला जास्त."

टीमचा म्होरक्या आपोआपच सोमनाथ झाला. कन्नड तालुक्यातल्या बागायतदाराचा, नानासाहेबांचा मुलगा. आवाज मोठा, मन मोठं, आणि गप्प बसणं माहीत नाही. कोणाचा लॅपटॉप बंद पडला तर स्वतःचा देऊन टाकणारा. सगळे त्याच्याच खोलीवर जमायचे.

पहिल्याच आठवड्यात आकाशनं घाईत काहीतरी अर्धवट लिहिलेलं सगळ्यांच्या कामात मिसळलं. चौघांचं काम एकत्र जोडून ॲप तयार होतं, त्याला ही मुलं बिल्ड म्हणत. एकाची चूक झाली की ॲप कोणाचंच तयार होत नाही, बिल्ड फुटतो. चौघांची सकाळ वाया गेली. सोमनाथनं हसत हसत आकाशच्या दंडावर एक बुक्की हाणली.

"बिल्ड फुटला की बुक्की! आजपासून कायदा."

दुसऱ्याच दिवशी बिल्ड सोमनाथकडून फुटला. त्यानं बाही वर केली, दंड पुढं केला आणि म्हणाला, "हाणा. एकेकानं. नियम म्हणजे नियम." गमतीची गोष्ट तिथंच पक्की झाली. म्होरक्यानं स्वतः मार खाल्ला म्हटल्यावर नियमाला नावं कोण ठेवणार?

मोनिकानं ठेवली. ती खाली मान घालून ॲपच्या पडद्यावरची बटणं, रंग, अक्षरं बघायची. ती म्हणाली, "मी कोणाला मारणार नाय आन् मला कोणी हात लावायचा नाय."

"बरं बाई," सोमनाथ म्हणाला, "लेडीजला सूट."

"मला नको सूट," रूपा म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"काहून? मी काय कमी कोड लिहू राहिली का? माझ्याकडून फुटला तर मला पण मारायचं. आन् दुसऱ्याकडून फुटला तर मी पण मारणार."

सोमनाथनं टाळी मागितली. "ही खरी शेरनी!"

मोनिकाला सूट मिळाली, तेव्हापासून तिचं मत कोणी विचारेनासं झालं. ती बोलायला लागली की सोमनाथ मोबाईल काढायचा. रूपानं ते बरोबर टिपलं. आपण सूट घेतली नाही ते बरं केलं, असं तिला वाटलं.

चार-दोन दिवसांत तिच्याकडून बिल्ड फुटला. सोमनाथनं अवघडून तिच्या दंडाला मूठ टेकवली.

"हे काय? माशी हाकलतो का? नीट मार ना."

मग त्यानं नीट मारली. कळ खांद्यापासून मनगटापर्यंत गेली, डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यासकट ती हसली. आकाशची पाळी आली तेव्हा त्यानं नुसतं बोटांच्या पेरांनी टेकवल्यासारखं केलं.

"अय, लहानपणी तुझा डबा खायची मी. त्याचा तरी बदला घे."

"राहू दे ना, रूपा," तो म्हणाला. "झालं ना."

आणि मग तिची मारायची पाळी आली. आकाशच्याच दंडावर. जन्मात पहिल्यांदा तिच्या मारण्याला कोणी नावं ठेवणार नव्हतं. तिनं मूठ वळली, पाय रोवला आणि खांद्याखालच्या मऊ जागेवर अशी हाणली की आकाश खाटेवर बसला.

"हात हाय का घन!" सोमनाथ ओरडला. दुसऱ्या दिवशी त्यानं ग्रुपवर तिचं नावच 'घन' ठेवलं. रूपानं ते नाव पुन्हापुन्हा उघडून बघितलं. कुठं मारलं की हात बधिर होतो आणि कुठं मारलं की नुसतं लागतं, हे ती शिकली. घरी ओढणी दंडावरून घेऊन वावरू लागली.

खोटं कशाला सांगायचं, सुरुवातीला काम झपाट्यानं झालं. सगळे आपलं लिहिलेलं पुन्हा पुन्हा तपासू लागले. सर म्हणाले, तुमची टीम चांगली चालू आहे. पण हळूहळू एक गोष्ट होऊ लागली, जिच्याकडं कोणाचं लक्ष गेलं नाही. सकाळी उभं राहून कुठं अडलंय असं विचारलं की सगळे सांगायचे, "कुठंच नाय." अडलंय म्हणणं म्हणजे उद्याच्या बुक्कीचं आजच आमंत्रण. जो तो आपली अडचण आपल्या लॅपटॉपमध्ये दडवून ठेवू लागला.

सगळ्यात जास्त मार आकाशला पडायचा. तो हळू होता. त्याच्याकडं कामही नेमकं किचकट आलेलं. ड्रायव्हरच्या मोबाईलवरून बस कुठं आहे ते सतत पाठवत राहायचं. त्याच्या मोबाईलवर ते चालायचं, दुसऱ्यांच्या मोबाईलवर थांबायचं. दोन्ही दंड निळे झाल्यावर तो रोज सकाळी उभ्याउभ्या एवढंच सांगू लागला. "चालू आहे." आणि सोमनाथ त्यावर खूश होता, कारण बिल्ड फुटायचा थांबला होता.

डेमोला दोन दिवस राहिले तेव्हा भर दुपारी चौघं सोमनाथच्या खोलीवर जमले. वर पत्रा तापलेला, पंखा गरम हवा ढवळत होता. सोमनाथ म्हणाला, "चला, सगळ्यांचं एकत्र करू." सगळ्यांचं जोडलं. नकाशा उघडला, रस्ते दिसले, थांबे दिसले. बस नव्हती.

"आकाश, तुझं कुठाय?"

सोमनाथनं शोधलं. आकाशनं या आठवड्यात एक ओळही पाठवली नव्हती. जे होतं ते पहिल्या आठवड्यातलं.

"तू रोज चालू आहे म्हणत होता ना, बे?"

"चालूच होतं. पण टाकलं असतं तर फुटलं असतं."

"मग फुटू द्यायचं! आपण बसून बघितलं असतं!"

"बघितलं नसतं," आकाश म्हणाला. तो कोणाकडं बघत नव्हता. "तुम्ही मारलं असतं. रूपानं आधी मारलं असतं, मग बघितलं असतं."

हे इतकं खरं होतं की ते ऐकून घेण्यापेक्षा काहीही सोपं होतं. रूपाचा हात सुटला. मूठ वळली नव्हती, पाय रोवला नव्हता. ही टीमची बुक्कीच नव्हती. उघडा, सपाट पंजा, कोपरापासून फिरवलेला, थेट आशाबाईंचा. तो आकाशच्या डाव्या कानावर बसला. पिशवीत हवा भरून फोडावी तसा आवाज झाला.

आकाशचं डोकं खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. तो उठला, पुन्हा बसला. कान दाबून धरला. बोटांच्या फटीतून पातळ, पाण्यासारखं लालसर काहीतरी कॉलरवर उतरलं.

"अबे, कानाखाली नाय!" सोमनाथ ओरडला. "कानाखाली आपल्या नियमात नाय!"

मोनिका उठली. तिनं स्वतःची ओढणी काढून आकाशच्या कानावर धरली, त्याची बॅग खांद्याला लावली. "कसला नियम?" ती म्हणाली. "जनावरं आहात तुम्ही. मी पण, रोज बघत बसले म्हणून." ती त्याला धरून जिना उतरली. जिन्यावर त्याचे पाय चुकत होते. रूपा आपल्या तळव्याकडं बघत उभी राहिली. तळवा झिणझिणत होता.

संध्याकाळी ती मोरीत तोंड धूत होती. बाह्या वर सरकलेल्या. आशाबाई मागून टॉवेल घेऊन आल्या आणि तिथंच थांबल्या. दोन्ही दंड खांद्यापासून कोपरापर्यंत रंगलेले. ताजं निळं, जुनं हिरवं, त्याहून जुनं पिवळं.

आशाबाईंनी मारलं नाही. रूपाला त्याचीच जास्त भीती वाटली.

"कोण?" त्यांनी विचारलं. मग आतल्या खोलीकडं तोंड करून, "सम्यक! इकडं ये."

सम्यकनं दंड बघितले, आणि आधी रूपाचेच केस धरले. "नाव सांग."

"दादा, सोड. ते आमचं तसं..."

"आमचं काय? आमचं म्हणजे कोणाचं?" त्यानं तिला कपाटावर ढकललं. "पोरांच्या खोलीवर जाऊ राहिली, मार खाऊन येऊ राहिली, आन् वरून आमचं? नाव सांग, नाय तर उद्यापासून कॉलेज बंद. मम्मी, हिची बॅग आण इकडं."

आशाबाई खरंच बॅग आणायला वळल्या.

रूपानं त्या क्षणी जो हिशोब केला तो असा. सोमनाथचं नाव घेतलं तर ते दोन पोरांचं भांडण राहणार नाही. बागायतदाराचा पोरगा आणि आपली पोरगी, असं होईल. सम्यक पन्नास जण गोळा करेल, तिकडून शंभर येतील. पोलीस स्टेशन, मोर्चा, पेपरात नाव. प्रोजेक्ट संपला, कॉलेज संपलं. आणि आम्ही सगळ्यांनी ठरवून एकमेकांना मारलं, मीसुद्धा मारलं, हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. आकाश मात्र आपल्यातला. मागच्या गल्लीतला. त्याचं नाव घेतलं तर गोष्ट गल्लीत राहील. मम्मी त्याच्या आईच्या, कडूबाईच्या दारात जाऊन चार शिव्या देईल, कडूबाई चार परत देईल, दोघी रडतील आणि मिटेल.

"आकाशनं," ती म्हणाली.

"कोणता आकाश? कडूबाईचा?" सम्यकला आधी खरंच वाटलं नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, आणि ते बघून रूपाला आपला हिशोब चुकल्याचं कळलं. सोमनाथसाठी त्याला माणसं जमवावी लागली असती, विचार करावा लागला असता. आकाशसाठी काहीच लागत नव्हतं. आकाशच्या मागं उभं राहणारं कोणी नव्हतं. तो नुसता चप्पल घालून निघाला.

रूपा दाराकडं धावली. आशाबाईंनी तिला कमरेला विळखा घालून आत ओढलं आणि कडी लावली. मागची गल्ली घराला लागून होती. खिडकीतून दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. दारावर लाथ. कडूबाईचा आवाज, "अरे सम्यक, काय झालं बाळा?" मग धपाधप आवाज, गोणी आपटावी तसे. भांडं घरंगळत गेल्याचा आवाज.

"दादा, मी नाय! दादा, ऐक ना, तिनंच मला मारलं! हे बघ, कानातून रक्त आलं, आत्ता घाटी दवाखान्यातून आलो!"

गल्लीत कोणीतरी हसलं. "पोरीनं मारलं म्हणू राहिला!"

"वरून पोरीवर घालतो?" सम्यकचा आवाज. आणि पुन्हा तेच धपाधप. कडूबाई ओरडत होती, "कानावर नको रे, कानावर नको, डॉक्टरनं सांगितलंय!"

"मम्मी, कडी काढ," रूपा म्हणाली. "मी खोटं बोलले. कडी काढ."

आशाबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. "आता बोलू नको. आता बोलली तर तुझ्या भावाची काय इज्जत राहील?"

त्या हाताला मशीनच्या तेलाचा वास होता. रूपा चावू शकली असती. ती चावली नाही. आणि बाहेरचा आवाज थांबेपर्यंत तिनं दुसरा शब्दही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्यक तिच्या दंडांचे फोटो घेऊन कॉलेजात गेला. मुलीला मारहाण. कॉलेजात खळबळ उडाली. आकाशला परीक्षेला बसू द्यायचं की काढून टाकायचं हे डेमोच्या दिवशी ठरणार, दोन्ही घरच्यांना बोलवा, असं सरांनी सांगितलं.

सोमनाथचा फोन आला. "रूपा, मान गये. आमचं नाव घेतलं नाय तू. आता मात्र डगमगू नको. सर तुझ्याच बाजूनं आहेत."

"आकाशचं काय?"

"त्याचं काय, तो तसा पण फेलच होता." मग तो म्हणाला, "हे बघ, टीम म्हणजे टीम."

कडुबा शिफ्टवरून आले आणि पायरीवर बसले. आकाशचे वडील त्यांच्याच बसला असायचे, रोज शेजारच्या सीटवर. आज ते मागं जाऊन उभे राहिले होते, बस रिकामी असताना. कडुबांनी लेकीला विचारलं, "त्यानंच मारलं ना, बाई?"

"हौ," रूपा म्हणाली.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. पण ताट पुढं ठेवलं ते त्यांनी तसंच सरकवलं. त्या दिवशी टीव्हीही लावला नाही.

डेमोच्या दिवशी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये खुर्च्या कमी पडल्या. एका बाजूला सम्यक आणि आशाबाई, मधे रूपा. समोर कडूबाई, पदर डोक्यावर, हातात घाटीचे कागद. शेजारी आकाश. ओठ फाटलेला, डोळ्याखाली काळं, डाव्या कानात कापूस. भिंतीला टेकून सोमनाथ आणि मोनिका.

सरांनी आकाशला काहीतरी विचारलं. तो इकडंतिकडं बघू लागला. मग उजवा कान पुढं करून म्हणाला, "सर, इकडून बोला. त्या बाजूनं ऐकू येत नाही."

"पडद्याला भोक पडलं होतं," कडूबाई म्हणाली. "आता लई मोठं झालंय म्हणे. आपरेशन लागंल. करूनबी ऐकू येईल का नाय, सांगत नाय कोणी."

"ते बघू नंतर," सर म्हणाले. "आधी मुलीला ऐकू. रूपा, घाबरू नकोस. इथं तुला कोणी काही करणार नाही. कोणी मारलं?"

सम्यकनं तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. कोणालाही तो मायेचा वाटला असता.

रूपा उभी राहिली. ओढणी काढून खुर्चीवर ठेवली, दोन्ही बाह्या वर केल्या. फोटोत बघितलं होतं तरी सरांनी मान वळवली.

"हे सोमनाथनं," ती म्हणाली आणि एकेक निळ्या डागावर बोट ठेवत गेली. "हे सोमनाथनं. हे पण. आकाशचं ह्याच्यात एकही नाय, सर. तो हळू मारायचा. त्याच्या मारण्याचा वळच उठायचा नाय."

खुर्चीच्या पाठीवरचा हात आवळला.

"सर, आमचा नियम होता. ज्याच्याकडून बिल्ड फुटेल त्याला सगळ्यांनी मारायचं. मी मागून घेतला होता मार. सगळ्यात जोरात मीच मारायचे. आकाशचा कान मी फोडला. मग घरी नाव विचारलं तर मी त्याचंच नाव सांगितलं. तो भांडणार नाय म्हणून सांगितलं. आन् त्यावरून दादानं त्याला मारलं."

"सर, मजाक होता तो," सोमनाथ पुढं येत म्हणाला. "टीममधला मजाक. ही टेन्शनमध्ये काहीपण..."

"मजाक नव्हता," मोनिका म्हणाली. "मी रोज तिथंच होते. आकाश काम दडवायला लागला ते मला माहीत होतं. मी पण बोलले नाही."

कडूबाई कधी उठली ते कोणाला कळलं नाही. कागद खाली पडले. तिनं रूपाची वेणी मनगटाला गुंडाळली आणि दुसऱ्या हातानं तोंडावर, पाठीवर, मानेवर, सापडेल तिथं मारत सुटली. "माझ्या ताटात जेवली गं तू! माझ्या ताटात!" सर ओरडत होते, शिपाई धावला. रूपाचे दोन्ही हात खाली होते. तिनं ते तोंडापुढंही धरले नाहीत. शेवटी आकाश मधे आला. त्यानं आईचं मनगट धरलं, वेणी सोडवली. रूपाकडं त्यानं बघितलं नाही.

"मला हिच्यासोबत काम करायचं नाय, सर," तो म्हणाला. "ह्या जन्मात नाय."

रेट्रो झाला तो एवढाच. आकाशवरची तक्रार तिथंच फाडली गेली. बसचं ॲप आकाश आणि मोनिका पुरं करणार, रूपा आणि सोमनाथ यांचा प्रोजेक्ट रद्द, वर्ष वाया, पुढचं समिती ठरवणार. सोमनाथ वडिलांना फोन लावत बाहेर पडला. कडूबाई भिंतीला धरून बसली होती. मोनिका तिला पाणी देत होती.

पार्किंगमध्ये सम्यकनं गाडीला किल्ली लावली, काढली आणि वळून रूपाला अशी हाणली की ती शेजारच्या स्कूटीवर जाऊन पडली. स्कूटी आडवी झाली.

"माझी काय ठेवली तू गल्लीत? पोराला फुकट मारलं मी? सगळ्यांसमोर सांगते?" त्यानं पुन्हा हात उचलला. "आधी सांगायला काय झालं होतं तोंडाला?"

"सांगितलं होतं. मम्मीनं तोंड दाबलं."

गेटवरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. पोरं जमली. "ओ, काय चाललंय? कोण आहे हा, ताई? काहून मारू राहिला?"

अशा वेळी काय बोलायचं ते गावात सगळ्यांना पाठ असतं. भाऊ आहे, घरचं आहे, तुम्ही जा. तेवढं म्हटलं की वॉचमन काठी खाली घेतो, पोरं पांगतात. आशाबाईंनी ते म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"सम्यक हिवराळे," रूपा मोठ्यानं म्हणाली. ओठातून रक्त येत होतं, ते तिनं पुसलं नाही. "माझा भाऊ. आत्ता मला मारलं. परवा आकाशला मारलं, माझ्या खोट्यावरून. हे मी तिथं आत सांगितलं, इथं सांगते. उद्या गल्लीत सांगीन."

"रूपे, गप बस!" आशाबाई किंचाळल्या आणि त्यांचा हात वर गेला, सवयीनं, कोपरापासून.

"मार मम्मी," रूपा म्हणाली. "पण मारलंस तर तुझं पण नाव सांगणार. मी माझं सांगितलंय."

सगळी पोरं बघत होती. वॉचमन बघत होता. आशाबाईंचा हात बराच वेळ तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली आणला, पण कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. शेवटी त्या वाकल्या आणि आडवी पडलेली स्कूटी उचलायला लागल्या. ती त्यांना एकटीला उचलेना. सम्यक हलला नाही. रूपानं दुसरं हँडल धरलं आणि दोघींनी मिळून ती उभी केली.

"चल," आशाबाई म्हणाल्या.

"तुम्ही जा," रूपा म्हणाली. "आकाशचे कागद केबिनमध्ये खाली पडलेत. मी उचलून येते."

आणि ती परत त्याच केबिनच्या दाराकडं चालायला लागली, जिथं कडूबाई अजून बसली होती.